इन्सुलिनची कुपी, टायरचं रबर आणि सीमेवर बसणारे रेणू

दुधाळ दिसणारं इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला पहिल्याच दिवशी बजावलं जातं: कुपी जोरात हलवायची नाही, दोन्ही तळहातांमध्ये धरून हळूच घोळवायची. बहुतेक जण ते पाळतात. का पाळायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. खोकल्याचं औषध आपण बाटली खळाखळा हलवून घेतो, मग इन्सुलिनचंच एवढं नाजूक काय?

औषध जिथे संपतं तिथे या प्रश्नाचं उत्तर आहे. वर हवेला टेकलेला द्रवाचा पृष्ठभाग, बाजूची काच, तोंडाशी बसवलेलं रबरी बूच. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना भिडतात त्या जागेला आपण सीमापृष्ठ म्हणू. इन्सुलिनसारख्या प्रथिनाच्या औषधाचं बरंवाईट पुष्कळदा या सीमापृष्ठावर ठरतं.

गाडीच्या टायरमध्ये किंवा माती मिसळलेल्या नायलॉनमध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. औषधात प्रथिनाने सीमेला चिकटू नये म्हणून धडपड असते, तर नॅनोकणांनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी, मजबूत केलेल्या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थात, रबराने किंवा प्लास्टिकने कणाला नीट धरावं म्हणून. दोन्हीकडची शास्त्रज्ञ मंडळी वेगळ्या इमारतींत बसतात, वेगळ्या परिषदांना जातात. तरी त्यांचा हुकमी उपाय एकच आहे. सीमेवर असा मधला रेणू नेऊन बसवायचा, ज्याचं एक टोक इकडच्याला मानवतं आणि दुसरं तिकडच्याला. पुढचा त्रासही दोघांचा सारखाच. हा मधला रेणू किती वर्षं टिकतो, किती घट्ट धरतो आणि स्वतः काय उपद्व्याप करतो, याची जबाबदारी मग त्यांच्यावर येते. मला हा सगळा विषय महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की ही जबाबदारी नीट पेलली गेली नाही तर त्याची किंमत इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

प्रथिन सीमेवर जाऊन काय करतं

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिनमध्ये अशी ५१ आम्लं दोन साखळ्यांत ओवलेली असतात. कॅन्सरवर किंवा संधिवातावर औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडीमध्ये, म्हणजे शरीर रोगाशी लढायला बनवतं तशा प्रथिनामध्ये, ती तेराशेच्या आसपास भरतात. पाण्यात ही माळ ठरावीक घडीत दुमडलेली असते. पाण्याशी न पटणारे भाग आत तोंड लपवून बसतात, पाण्याशी जमणारे बाहेर राहतात. औषधाचा गुण या घडीत आहे. घडी मोडली तर माळ तीच राहते, पण गुण जातो.

असा एक रेणू फिरत फिरत द्रवाच्या वरच्या पृष्ठभागाशी पोचतो. पलीकडे हवा असते. आत लपलेले भाग त्या हवेकडे तोंड करतात, घडी थोडी उकलते, आणि शेजारी तसाच उकललेला रेणू असेल तर दोघांची उघडी अंगं एकमेकांना चिकटतात. असं होत होत पृष्ठभागावर प्रथिनाचा पापुद्रा धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरते तसाच; फक्त हा डोळ्यांना दिसत नाही, जाडीला जेमतेम एका रेणूएवढा असतो.

थोडा हिशेब करू. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मिलिलिटरला ४० युनिटच्या १० मिलिलिटर कुपीत एकूण ४०० युनिट, म्हणजे साधारण १४ मिलिग्रॅम इन्सुलिन असतं. कुपीचा आतला व्यास सव्वादोन सेंटिमीटर धरला तर हवेला टेकणारा पृष्ठभाग चार चौरस सेंटिमीटर होतो. प्रथिनाचा एकेरी थर दर चौरस मीटरला दोनेक मिलिग्रॅम या मानाने बसतो. म्हणजे पापुद्र्यात अडकलेलं इन्सुलिन हे कुपीतल्या एकूण इन्सुलिनचा पंधरा-वीस हजारावा भाग.

एवढ्याशा भागाची काळजी कशाला? कुपी शांत उभी असेल तर खरंच नको. पण ती हलवली की पृष्ठभाग आकसतो, पसरतो, फेसाच्या बुडबुड्यांमुळे अनेक पटींनी वाढतो. पापुद्रा फाटतो, त्याचे तुकडे आत बुडतात आणि मोकळ्या झालेल्या जागी ताजा पापुद्रा धरतो. प्रत्येक हिसक्यागणिक हे चालू राहतं. शिवाय इन्सुलिनच्या बाबतीत आत बुडालेले तुकडे पुढच्या तंतूंचं बीज ठरू शकतात. त्यांच्या टोकांना चांगले रेणू येऊन जोडले जातात आणि तंतू लांबत जातो. तंतूत गेलेलं इन्सुलिन साखर उतरवायला उपयोगी पडत नाही.

तरीही कुपी महिनोन्महिने टिकते, याचं श्रेय जस्ताला आहे. आपल्या स्वादुपिंडातही इन्सुलिन जस्ताच्या आधाराने सहा-सहाच्या गटात साठवलेलं असतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये क्ष-किरणांनी इन्सुलिनची रचना उलगडली, तेव्हा ही सहाची मांडणी स्पष्ट दिसली. सहा रेणू एकत्र आले की त्यांच्या चिकट बाजू आत झाकल्या जातात आणि सीमेकडे धावणारे सुटे रेणू कमी होतात. इन्सुलिनला दवाखान्यासारखा जो वास येतो तो फिनॉलचा किंवा मेटाक्रेसॉलचा. ते जंतूंना रोखण्यासाठी घातलेलं असतंच, शिवाय सहाच्या गटाला बळकटीही देतं. एका घटकाकडून दोन कामं करून घेण्याचं इतकं चोख उदाहरण औषधशास्त्रात क्वचित सापडतं.

जेवणाच्या वेळी झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनची गोष्ट वेगळी. ते पटकन सुटं व्हावं अशीच त्याची रचना बदललेली असते. त्यातलं ग्लुलिसिन हे इन्सुलिन तर जस्ताशिवाय बनवतात. मग सुट्या रेणूंना सीमेपासून दूर कोण ठेवणार? त्यासाठी त्यात पॉलिसॉर्बेट २० हा मधला रेणू घातला आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

१९८० च्या दशकात इन्सुलिनचे पंप वापरात येऊ लागले तेव्हा हा प्रश्न फार तीव्र झाला. शरीराच्या तापमानात, सतत हलत, प्लास्टिक आणि धातूला घासत राहणारं इन्सुलिन गुठळ्या धरायचं आणि नळी तुंबायची. तिथेही सीमेवर बसणारा एक पॉलिमर मिसळल्यावर सुधारणा झाली.

रुग्णालयात सलाइनमधून इन्सुलिन देताना प्रश्न पुन्हा बदलतो. तिथे मिलिलिटरला एक युनिट इतकं पातळ द्रावण वापरतात. नळीच्या आतल्या भिंतीवर थर बसायला जेवढं इन्सुलिन लागतं तेवढं लागतंच, द्रावण दाट असो की पातळ. म्हणून द्रावण जितकं पातळ, तितका भिंतीने खाल्लेला वाटा मोठा, आणि सुरुवातीला रुग्णापर्यंत ठरल्यापेक्षा कमी इन्सुलिन पोचतं. याला तोड म्हणून अनुभवी परिचारिका सुरुवातीचं वीसेक मिलिलिटर द्रावण नळीतून सोडून देतात. भिंतीची भूक आधी भागवायची, मग नळी रुग्णाला जोडायची.

जागा अडवणारा रेणू

अँटिबॉडी औषधांमध्ये आज सर्रास वापरले जाणारे मधले रेणू म्हणजे पॉलिसॉर्बेट २० आणि ८०. पॉलिसॉर्बेट ८० आइस्क्रीममध्येही असतं, पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्ड लशीतही होतं. त्याचं एक टोक तेलकट, दुसरं पाण्यात रमणारं. प्रथिनापेक्षा तो कितीतरी लहान असल्यामुळे हवेच्या किंवा काचेच्या सीमेवर आधी पोचतो आणि जागा अडवून बसतो. मागून आलेल्या प्रथिनाला जागा उरत नाही. त्याचं प्रमाण अगदी कमी असतं, शेकडा ०.०१ ते ०.१ एवढंच.

पण हा पहारेकरी स्वतः नाशवंत आहे. त्याची दोन टोकं ज्या बंधाने जोडलेली असतात तो एस्टरचा बंध. अँटिबॉडी बनवतात चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींमध्ये. औषध कितीही शुद्ध केलं तरी या पेशींची विकरं (एन्झाइम) नाममात्र उरतात, आणि त्यातली काही नेमका हाच बंध तोडतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या कुपीत दोन वर्षांत हे काम संथपणे चालू राहतं. सुटलेली चरबीची आम्लं पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. म्हणजे एकीकडे पहारा कमी झालेला आणि दुसरीकडे चरबीच्या कणांच्या रूपाने नवं सीमापृष्ठ तयार झालेलं. औषध कंपन्यांची गेल्या काही वर्षांतली बरीच मेहनत इथे खर्च होते आहे, आणि ती योग्य जागी खर्च होते आहे असं मला वाटतं.

मधला रेणू बदलणं किती जपून करायची गोष्ट आहे, हे एप्रेक्सच्या प्रकरणातून कळतं. एप्रेक्स म्हणजे एरिथ्रोपोएटिन हे प्रथिन. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचं हिमोग्लोबिन राखण्यासाठी ते देतात. त्यात स्थिरतेसाठी माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन घातलेलं असे. वेड्या गाईंच्या रोगाच्या धास्तीने युरोपात रक्तातून आलेले घटक टाळावेत असं ठरलं आणि १९९८ मध्ये अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० व ग्लायसिन आलं. हेतू रुग्णाच्या भल्याचाच होता. त्यानंतर काही रुग्णांच्या शरीरात या औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ लागल्या. त्या नुसतं औषध निकामी करून थांबल्या नाहीत. शरीर स्वतः जे थोडंफार एरिथ्रोपोएटिन बनवत होतं तेही त्यांनी निकामी केलं. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनणं जवळपास थांबलं. जे इंजेक्शन रक्त वाढवण्यासाठी घेतलं, त्यानंतर पुन्हा पुन्हा रक्त चढवून घ्यायची वेळ आली. १९९८ ते २००४ या काळात असे पावणेदोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले.

कारणांचा शोध बरीच वर्षं चालला. पॉलिसॉर्बेटने सिरिंजच्या रबरी बुचातले पदार्थ ओढून औषधात आणले, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं. पॉलिसॉर्बेटच्या थेंबुकल्यांत प्रथिनाचे रेणू गटाने अडकले आणि प्रतिकारशक्तीला ते जंतूसारखे वाटले, असं दुसरं. औषध वाटेत गरम झालं असावं, असं तिसरं. एका कारणावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. बुचांना टेफ्लॉनसारखा लेप दिला गेला, मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते त्वचेखाली देणं युरोपात २००२ च्या अखेरीस थांबवलं, औषध थंड ठेवण्याबाबत कडक सूचना गेल्या आणि रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. माझं मत असं, की यात कुणी बेफिकिरी केली का याहून मोठा प्रश्न दृष्टीचा होता. एक सहायक घटक बदलला, एवढीच त्या बदलाची नोंद घेतली गेली. प्रत्यक्षात कुपीतली प्रत्येक सीमा बदलली होती.

सिरिंजही निरुपद्रवी नसते. भरून येणाऱ्या काचेच्या सिरिंजमध्ये दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकोन तेल लावतात. त्याचे थेंब सुटून औषधात येतात आणि प्रथिन त्यांना जाऊन चिकटतं. डोळ्यात इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांना त्यानंतर नजरेसमोर थेंब तरंगताना दिसले, तेही याच तेलाचे. आता तेल भट्टीत भाजून काचेवर पक्कं बसवतात किंवा तेल लागतच नाही अशा प्लास्टिकच्या सिरिंज वापरतात. सुई बसवण्याचं भोक पाडायला टंगस्टनची तार वापरली जाते, आणि त्या टंगस्टनचे अंशही प्रथिनाच्या गुठळ्या करू शकतात. एरिथ्रोपोएटिनच्याच दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत दोन रुग्णांत घातक अँटिबॉडी आढळल्या, तेव्हा तपास या टंगस्टनपर्यंत येऊन पोचला होता.

जिथे सीमा हवीहवीशी असते

आता टायरकडे वळू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे साडेसहा हजार चौरस फुटांच्या जवळपास. पदार्थ तेवढाच, सीमा दहा लाख पट. नॅनोकण मिसळण्यात सगळा रस या सीमेचा आहे. रबराच्या साखळ्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागाला धरू शकल्या तर थोड्या कणांत मोठं बळ मिळतं.

अडचण अशी की कणांना एकमेकांचीच ओढ जास्त. सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो पदार्थ, घ्या. तिच्या पृष्ठभागावर पाण्याशी जमणारे हायड्रॉक्सिल गट असतात. रबर पाण्याला टाळणारं. नुसतं कालवलं तर सिलिकाचे कण आपसात हात धरून गुठळ्या करतात. टायरच्या प्रत्येक फेऱ्याला या गुठळ्यांची जाळी तुटते आणि पुन्हा जुळते, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि पेट्रोल जास्त जळतं. म्हणून अनेक दशकं टायरमध्ये काजळीच चालली, कारण तिचं रबराशी बरं जमतं.

मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा टायर बाजारात आणला तो सिलेन या मधल्या रेणूच्या जोरावर. त्याचं एक टोक सिलिकाशी रासायनिक बंध बांधतं आणि तसं करताना अल्कोहोल सोडतं. दुसऱ्या टोकाला गंधक असतं, ते रबर पक्कं करताना रबराच्या साखळीला जोडलं जातं. मिश्रणाचं तापमान १४० ते १६० अंशांच्या दरम्यान सांभाळावं लागतं. कमी पडलं तर सिलेन सिलिकाला नीट धरत नाही. जास्त झालं तर गंधकाचं टोक वेळेआधीच कामाला लागतं आणि रबर मिक्सरमध्येच आवळू लागतं. हे साधलं की टायर रस्त्यावर कमी ऊर्जा खातो आणि ओल्या रस्त्यावर पकडही चांगली ठेवतो. या दोन गोष्टी एकत्र मिळणं पूर्वी अवघड मानलं जायचं.

टोयोटाच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये माती मिसळली ती गोष्टही अशीच. मॉन्टमोरिलोनाइट ही माती जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांवर ऋण प्रभार, मध्ये सोडियम. संशोधकांनी सोडियम काढून त्या जागी लांब कार्बनी शेपटाचे आयन (प्रभार असलेले रेणू) बसवले. पापुद्र्यांमधली फट वाढली, नायलॉनचा कच्चा माल आत शिरला आणि तिथेच नायलॉनच्या साखळ्या वाढवल्यावर त्यांनी पापुद्रे एकमेकांपासून लांब लोटले. चार-पाच टक्के माती घातलेलं हे नायलॉन भाराखाली वाकू लागण्याचं तापमान ६५ अंशांवरून दीडशेच्या जवळ गेलं. हीच युक्ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी चालली नाही. पॉलिप्रॉपिलीन पूर्णपणे तेलकट स्वभावाचं, मातीला धरायला त्याच्याकडे काहीच नाही. त्यासाठी मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन आणखी एक मध्यस्थ म्हणून घालावं लागलं.

किती घट्ट?

सीमेवरची पकड जितकी पक्की तितकी चांगली, असा समज सहज होतो. तो टिकत नाही. पॉलिमरच्या साखळ्या कणांना फार घट्ट चिकटल्या तर एकच साखळी दोन-तीन कणांना बांधून टाकते, मिश्रण इतकं घट्ट होतं की साच्यात ओतता येत नाही आणि तयार वस्तू ठिसूळ निघू शकते.

याहून चकित करणारी गोष्ट पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची. सिलिकाच्या कणांवर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या दाट रोवल्या आणि ते कण पॉलिस्टायरीनमध्येच मिसळले, तर बाहेर-आत रसायन एकच असल्यामुळे ते सहज पसरतील असं वाटतं. पण बाहेरच्या साखळ्या रोवलेल्या साखळ्यांपेक्षा बऱ्याच लांब असतील तर त्या दाट रानात शिरत नाहीत, कारण शिरताना त्यांना आपली मोकळीक गमवावी लागते. परिणामी कण एकत्र गोळा होतात. सारखेपणा असूनही साखळीची लांबी आणि दाटी यांवर सगळं फिरतं.

औषधवाल्यांनी साखळ्या रोवण्याची हीच कल्पना प्रथिनांवर वापरली. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी प्रथिनाला जोडली की इतर रेणू त्याच्याजवळ सहज येऊ शकत नाहीत, शरीरात ते जास्त वेळ टिकतं. अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांसाठी ते होतं. आता काही लोकांच्या रक्तात या साखळीविरुद्धच अँटिबॉडी सापडतात, म्हणून पर्यायी साखळ्या शोधल्या जात आहेत.

प्रथिन आणि नॅनोकण एकाच कुपीत मुद्दाम एकत्र आणतात ते लशींमध्ये. ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये दाखवलं की घटसर्पाचं निकामी केलेलं विष ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत दिलं तर प्रतिकारशक्ती जास्त जोमाने जागी होते. आजही हिपॅटायटिस बी, धनुर्वात, पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट या लशींत ॲल्युमिनियम क्षाराचे बारीक कण असतात आणि लशीचं प्रथिन त्यांना चिकटवलेलं असतं. इथेही घट्टपणाचा मुद्दा येतो. हिपॅटायटिस बी लशीच्या प्राण्यांवरच्या अभ्यासात प्रथिन कणाला जितकं जास्त घट्ट बांधलं तितका प्रतिसाद कमी मिळाल्याचं दिसलं. शरीराला ते कणावरून सोडवून घेता आलं पाहिजे.

ॲल्युमिनियम क्षाराची अशी लस गोठली तर वाया जाते. बर्फाचे स्फटिक वाढताना ॲल्युमिनियमचे कण बाजूला ढकलून एकमेकांवर दाबतात, ते चिकटून मोठे होतात आणि वितळल्यावर पूर्ववत होत नाहीत. वरून कुपी ठीकच दिसते. म्हणून आपल्या आरोग्य केंद्रांमध्ये हलवून पाहण्याची चाचणी शिकवली जाते. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, तिच्याशेजारी संशयित कुपी धरायची, दोन्ही सारख्या हलवून सपाट जागेवर ठेवायच्या आणि गाळ कसा बसतो ते पाहायचं. गोठलेल्या कुपीतले जाड कण भराभर तळाला जातात, चांगल्या कुपीतले संथपणे. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर ती लस कुणालाही टोचायची नाही.